सातव्या दिवसाचं तूप

चिंचवाडीत कुणाला काही झालं, की माणूस आधी दुर्गाबाईच्या दारात उभा राहायचा आणि मागायचा एकच जिन्नस: लोणी. टाचांना भेगा पडल्या, लोणी. थंडीनं पोराचे गाल उलले, लोणी. कासारीण आली आणि नव्या नवरीच्या हातात बांगडी शिरेना, तर मनगटाला लोणी. बैलाचा खांदा जुवानं सोलला, तर हळद कालवून लोणी. आणि काही झालंच नसेल, तर गरम भाकरीवर ठेचा आणि ठेच्यावर लोण्याचा गोळा. ते तर न झालेल्या दुखण्याचंही औषध.

गोठ्यात दोन म्हशी, घरात एक डेरा आणि सासूच्या काळची रवी. एवढ्यावर दुर्गाबाई सगळ्या गावाची माय होऊन बसली होती. म्हणायची, "माझ्या लोण्यानं जे बरं झालं न्हाई, ते देवानंच ठेवलंय असं समजावं."

शहागडपासून दीड कोसावर, गोदामायच्या काठाला हे गाव. दरवर्षी माघात हरिनाम सप्ताह बसायचा. पहाटे काकडा, दुपारी प्रवचन, सांजेला हरिपाठ, मग कीर्तन. त्या सात दिवसांत ज्याच्या घरी दुभतं आहे त्यानं जमेल तेवढं लोणी दुर्गाबाईकडं आणून द्यायचं. सातव्या दिवशी तिनं ते कढवायचं. आठव्या दिवशी काला. त्या तुपाचा देवापुढं दिवा, पुरणाच्या नैवेद्यावर धार, आणि पंगतीत बसेल त्याच्या पानावर चमचा-चमचा. पाटलाचं पान असो की मजुराचं, चमचा तोच.

हा लोणी कढवायचा मान दुर्गाबाईच्या घराचा. सासूच्या हातातून तिच्या हातात आला, त्याला बत्तीस वर्षं झाली होती. कढवायची रीतही घराची. आंघोळ करून, तोंडानं नाम घेत कढवायचं. तूप झालं, पातेलं खाली उतरवलं, की तुळशीतलं पाणी तांब्यात घेऊन त्यावर बोटांनी हबका मारायचा. चर्र असा आवाज होतो आणि तूप थंड होताना असं रवाळ पडतं, की दाणे मोजून घ्यावेत.

पण मागच्या वर्षी तूप करपलं. नैवेद्याच्या पुरणाला जळका वास लागला. महाराज बिचारे निमूट जेवले. पंगतीतही कुणी तोंड उघडलं नाही, पण पानावरचं तूप बोटानं बाजूला सारलेलं दुर्गाबाईला साळूबाईनं बरोबर सांगितलं. साळूबाई म्हणजे शेजारीण. मनानं वाईट नाही. फक्त बातमी तिच्या पोटात ठरत नाही.

म्हणून यंदा, म्हणजे एकोणनव्वद साली, सप्ताह बसायच्या दिवशीच कमिटीचे अप्पाराव ओट्यावर येऊन बसले.

"वहिनी, राग मानू नका. लोकांचं म्हणणं पडून राह्यलं, की लोणी अंबडच्या हलवायाकडं द्यावं."

"द्या की. हलवाई आंघोळ करून कढवतो का, तेवढं इचारून घ्या."

"इचारतो."

"आन् नाम घेत कढवतो का, का सिनेमातली गाणी म्हणत?"

अप्पारावांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. "बरं, यंदा तुमच्याच हातचं. पण वहिनी, एक डाव झालं ते झालं. यंदा बी करपलं, तर पुढच्या साली मान उठला. कबूल?"

"कबूल," दुर्गाबाई म्हणाली आणि पदर सावरून ताठ बसली.

ताठ बसली खरी. पण आत जाताना उंबऱ्यावर पाय कुठं टाकावा हे तिनं पायाच्या बोटांनी चाचपलं. ते दारामागून कौसल्यानं पाहिलं.

कौसल्या तिची सून. लग्नाला दीड वर्ष झालेलं. नवरा मच्छिंद्र अंकुशनगरच्या साखर कारखान्यात कामाला. गाळपाचा हंगाम चालू, त्यामुळं पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. घरात या दोघीच. कौसल्याच्या बापाचं मंठ्याला एस.टी. स्टँडजवळ भज्यांचं आणि चहाचं हॉटेल. दुर्गाबाईच्या तोंडात ते सारखं असायचं. सुनेनं चुलीशेजारची कापसाच्या पऱ्हाट्यांची मोळी उचलून अंगणात नेली, की "हाटेलवाल्याची पोर!" रॉकेलचा डबा कंदिलाजवळून हलवून मोरीपलीकडं ठेवला, की "हाटेलवाल्याची पोर!" पदर कमरेला घट्ट खोचल्याशिवाय ती चुलीपुढं बसायची नाही, तेही हॉटेलचं. आणि काही तळायचं-कढवायचं असलं, की मोठी परात हाताशी भिंतीला उभी करून ठेवायची.

"ह्या घरात आजवर चूल पेटली, घर न्हाई पेटलं," सासू म्हणायची.

"खरंय आत्याबाई," सून म्हणायची, आणि परात तिथंच ठेवायची.

दुर्गाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कौसल्याला ते कळून सहा महिने झाले होते. एकदा मच्छिंद्रनं जालन्याच्या शिबिराचा विषय काढला, तर "डोळ्यात सुरी घालून घेऊ काय?" म्हणून म्हातारीनं दोन दिवस अबोला धरला. तिला भीती सुरीची नव्हती. डोळे गेले असं गावाला कळलं, की मान आपोआप जाईल, ही भीती होती. म्हणून ती सगळं सवयीनं करायची. डेऱ्यातलं लोणी बोटाला कळतं. भाकरी तळव्याला कळते. आणि कढणारं लोणी कानाला कळतं: आधी ते तडतडतं, त्यातलं पाणी आटत जातं, मग तडतड मंद होते आणि एका क्षणी थांबते. थांबली, की तूप झालं. पुढं पळभर ठेवलं तर करपलं.

मागच्या वर्षी त्याच पळभराला कुणीतरी दारातून हाक मारली होती. एवढंच झालं होतं.

सातवा दिवस आला. यंदा रात्री महाराजांचं मंठ्याकडं कीर्तन होतं, म्हणून इथलं कीर्तन दुपारी चारलाच ठेवलं. लोणी आठ शेरावर जमलं होतं. दुर्गाबाई सगळंच मोठ्या पातेल्यात घालायला निघाली.

"आत्याबाई, अर्धं अर्धं करू. भांडं गच्च भरलं की फेस वर येतो, अन् चुलीत सांडतं."

"बत्तीस वर्षं म्या एका दमात कढवलं."

"बत्तीस वर्षांत एवढं लोणी कधी आल्तं का?"

दुर्गाबाईनं लोण्याचं भांडं खाली ठेवलं. "काढ मंग अर्धं. पण मंग तू हितं थांबू नको. गोठ्याकडं पाहा. मला नामात माणूस आडवा आलेला चालत न्हाई."

खरं कारण वेगळं होतं. सून समोर बसली, की आपण पातेल्यात पाहत नाही, नुसता कान देतो, हे तिला दिसेल. कौसल्याला तेही कळलं. ती जरा घुटमळली. 'मी पाहत बसते' असं तिच्या ओठांवर आलं, पण म्हाताऱ्या माणसाचा मान तिनं राखला आणि म्हशींना कडबा टाकायला गेली.

इकडं चूल चांगली पेटली. बाभळीची वाळकी लाकडं, जाळ पातेल्याच्या गळ्यापर्यंत. लोणी विरघळलं, फेसाळलं, तडतडू लागलं. दुर्गाबाई पाटावर बसली, तोंडात नाम, कान पातेल्याकडं.

आणि तेवढ्यात कीर्तन उभं राहिलं.

यंदा अप्पारावांनी अंबडहून भोंगे आणले होते. तीन. एक देवळावर, एक पारावर, आणि तिसरा दुर्गाबाईच्या घरासमोरच्या लिंबावर बांधलेला, म्हणजे म्हातारीला घरबसल्या ऐकू यावं. चांगल्या मनानंच बांधला होता. मृदंगावर थाप पडली ती थेट चुलीपुढं येऊन पडली. टाळ असे उसळले, की मांडणीवरचे पेले किणकिणले. आणि मग महाराजांचा आवाज. काय सांगावं त्या आवाजाचं! डोक्यावरचा भारा कुणी अलगद उतरून घ्यावा, तसा तो आवाज होता. बत्तीस वर्षं सातव्या दिवसाचं कीर्तन तिनं चुलीपुढूनच ऐकलं होतं, वाऱ्यावर येईल तेवढं, एक शब्द आला तर चार गेले असं. यंदा पहिल्यांदा पुरतं, सलग, कानात ओतल्यासारखं येत होतं.

महाराज गोकुळात शिरले होते. "माय देवाला मांडीवर घेऊन बसलेली, बरं का! देव दूध पिऊन राह्यला, माय त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली. आन् तिकडं चुलीवर दूध आलं वर! आता माय काय करील? मांडीवर देव, आन् चुलीवर दूध! ठेवला देव खाली, पळाली चुलीकडं! हसू नका मायबाप, हसू नका. आपलं काय वेगळं हाय? देव समोर असतो, आन् ध्यान चुलीवर असतं!"

मंडप हसला. दुर्गाबाईही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

आणि तिचं त्या घडीला बरोबर उलटं झालं होतं. चूल समोर होती, आणि ध्यान देवापाशी. तडतड मंद झाली, थांबली. ती थांबल्याचं तिच्या कानापर्यंत आलंच नाही.

गोठ्यात कौसल्याला आधी वास आला. लोणी कढल्याचा खमंग वास तिला ठाऊक होता. हा तो नव्हता. नाकाच्या शेंड्याला झोंबणारा, काळा वास. मंठ्याच्या हॉटेलात कढईतलं तेल अती तापलं, की असा वास यायचा, आणि बाप हातातला झारा टाकून धावायचा. तिनं कडब्याची पेंढी तिथंच सोडली.

ती दारात आली तेव्हा पातेल्यातून धूर निघत होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या धुराला जाळ लागला. पातेल्याच्या तोंडावर हातभर उंच ज्वाळा उभी राहिली.

दुर्गाबाईला नुसता पिवळा उजेड दिसला, आणि तोंडावर झळ लागली. आणि तिच्या हातानं, तिला न विचारता, बत्तीस वर्षं करत आला तेच केलं. शेजारचा तुळशीच्या पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको! आत्याबाई, पाणी नको!"

कौसल्यानं तांब्याला फटका मारला. तांब्या उडून भिंतीवर आदळला, पण त्यातला ओंजळभर पाणी पातेल्यात गेलंच. फाडकन आवाज झाला. ज्वाळा आढ्याकडं झेपावली, जळतं तूप चहूकडं उडालं, आणि दुर्गाबाईच्या उजव्या हातावर, मनगटापासून बोटांपर्यंत, आलं. सगळा तांब्या आत गेला असता तर काय झालं असतं, ते न बोललेलंच बरं.

कौसल्यानं सासूला मागं ओढलं. सवयीनं भिंतीला उभी करून ठेवलेली परात दोन्ही हातांनी ढालीसारखी पुढं धरली आणि आपल्या बाजूनं पुढं सरकवत पातेल्याच्या तोंडावर घातली. कडेनं एक-दोन जिभा बाहेर आल्या, आणि गेल्या. मग तिनं चुलीतली लाकडं ओढून काढली आणि राखेत खुपसली. घर धुरानं भरलं होतं, पण जाळ कुठं उरला नव्हता.

"उचल गं ती परात," दुर्गाबाई म्हणाली. हात छातीशी धरलेला होता. "पाहू दे, तूप वाचलं का."

"बिलकुल उचलायची न्हाई. हवा लागली की परत पेटतंय. गार होऊ द्या. तुमचा हात द्या आधी."

तिनं सासूला रांजणापाशी बसवलं. हातातलं चांदीचं कडं लगेच उतरवलं, सुजल्यावर निघालं नसतं. आणि तांब्यानं रांजणातलं पाणी त्या हातावर सोडायला लागली. सावकाश, एका धारेत, एक तांब्या संपला की दुसरा.

धूर पाहून साळूबाई धावत आली. आल्या आल्या तिची नजर कोनाड्यातल्या उरलेल्या लोण्यावर गेली आणि तिनं त्यात हात घातला.

"सर बाजूला पोरी! भाजल्यावर आधी लोणी लावावं लागतं! पाणी काय घालून राह्यली, फोड येतील ना!"

"काकू, लोणी नका लावू."

"ऐका! घरात चार शेर लोणी, आन् सासूच्या हाताला बोटभर लावू दिना!"

"भाजलेल्यावर लोणी लावलं, की आतली गरमी आतच राहती, काकू. हॉटेलात रोज कुणी ना कुणी भाजायचं. माझा बाप पहिल्यांदा हात टाकीत बुडवायचा. भजी तळून होईस्तोवर. अन् एक घाणा न्हाई, पुरे चार घाणे."

साळूबाई लोण्याचा गोळा हातात धरून दुर्गाबाईकडं वळली. "तू सांग गं बाई. आपल्या जन्मात कुणी पाणी घातलंय का भाजल्यावर? तूच तर सगळ्या गावाला लोणी लावत आली."

सगळ्या घरात लिंबावरच्या भोंग्याचा टाळगजर भरून राहिला होता. दुर्गाबाईनं डोळे मिटले. हाताची आग अशी होती, की हाडापर्यंत जाऊन बसावी. आणि पाण्याची धार पडली, की तेवढ्यापुरती कमी व्हायची. धार थांबली, की पुन्हा उसळायची. लोणी की पाणी, ते तिला त्या घडीला दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

"साळू," ती म्हणाली, "ते लोणी ठेव जाग्यावर. आन् रांजण रिकामा होऊन राह्यला, तू हापशावरून दोन घागरी आण."

साळूबाईनं गोळा ठेवला. जाताना पुटपुटली, "जग बदललं बाई," पण घागरी तिनं तीन आणल्या.

अर्ध्या तासानं कीर्तन संपलं तेव्हा अप्पारावांची जीप दारात आली. ओल्या, स्वच्छ धोतराच्या फडक्यात हात गुंडाळून तिघी शहागडच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण होते. हात उलटासुलटा पाहून म्हणाले, "भाजल्यावर पाणी कुणी घातलं?"

"ह्या पोरीनं," साळूबाई झटक्यात म्हणाली. शिव्या कुणाला बसतात ते पाहायला ती पुढं सरकली.

"फार बराबर केलं. लोणी लावून आणता तुम्ही लोक, मग ते खरवडून काढताना कातडी सोलून निघते. फोड येतील, ते फोडायचे नाहीत. तीन-चार आठवडे लागतील. पण आजी, हात राहील. बोटं मिटतील, उघडतील."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेरचे ट्रक पाहू लागली.

जीप परत गावाकडं निघाली. मग अप्पारावांनी घसा खाकरला.

"वहिनी, हाताचं मोठं. पण उद्या काला हाय. तुपाचं काय?"

"पातेल्यातलं काळं झालं," कौसल्या म्हणाली. "पण अर्धं लोणी वेगळं ठेवलंय. ते हाय तसंच हाय."

"मंग पहाटेच अंबडला माणूस धाडतो."

सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी भांडेल. दुर्गाबाईनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला.

"अप्पाराव, मला दिसत न्हाई."

साळूबाईनं कान टवकारले.

"आजचं न्हाई. गेल्या साली बी दिसत नव्हतं. त्याच्या आदल्या साली बी कमीच होतं. म्या कानानं कढवते. तडतड थांबली की उतरवते. आज तुमचं कीर्तन कानात होतं."

अप्पाराव वळून पाहू लागले. "म्हणजे आमच्या भोंग्यानं...?"

"भोंग्याला कशाला बोल लावू? असलं कीर्तन जन्मात ऐकलं न्हाई म्या. दोष माझ्या लपवण्याचा हाय. दिसत न्हाई म्हणलं असतं, तर ही पोर समोर बसली असती, आन् आज गावाचं लोणी जळलं नसतं. घर जायचं होतं, माणूस जायचं होतं. एवढ्यावर राहिलं." तिनं पदर सावरला. "तवा कबुलीप्रमाणं मान उठला, असं धरा. पण हलवायाकडं नका देऊ. उरलेलं हिला कढवू द्या."

"मला?" कौसल्या दचकली. "आत्याबाई, मला हबका सुद्धा मारता येत न्हाई."

"तू पाहा. म्या ऐकते. दोघी मिळून एक माणूस होईल." मग अप्पारावांकडं तोंड करून, "फक्त सकाळी तेवढा येळ भोंगा बंद ठेवा."

अप्पारावांना भोंग्यांचा केवढा अभिमान! सात दिवस त्यांनी ते स्वतः पुसले होते. ते डोकं खाजवत राहिले. गाव आलं तेव्हा म्हणाले, "काकडा बिनभोंग्याचा करू."

दुसऱ्या दिवशी उजाडताना चिंचवाडीनं आठवड्यात पहिल्यांदा नुसत्या गळ्यांचा काकडा ऐकला. काही गळे बसलेले, काही बेसूर, एक म्हातारा खोकून पुन्हा धरणारा. दुरून, धुक्यातून तो येत होता, आणि तेवढाच येत होता.

कौसल्यानं आंघोळ करून चूल पेटवली. जाळ कमी केला, निखाऱ्यांवर पातेलं ठेवलं, अर्ध्याच्या खाली भरलेलं. केस घट्ट बांधले, पदर खोचला. दुर्गाबाई शेजारी पाटावर, डावा हात गुडघ्यावर.

"नाम घे."

"घेऊन राह्यले मनात."

"मनात नको, तोंडानं घे. देवाला ऐकू येतंय, पण लोण्याला ऐकू जाऊ दे."

कौसल्याला हसू फुटलं. लोणी विरघळलं. तडतडायला लागलं. दुर्गाबाईनं मान तिरकी केली. "हे पाणी चाललंय त्यातलं. आता फेस कसा हाय?"

"पांढरा. जाड."

"असू दे. ढवळ, बुडाला लागू देऊ नको. वास?"

"दुधासारखा." थोड्या वेळानं, "आता जरा खमंग येऊन राह्यला."

"फेस?"

"पातळ व्हायलाय. खालचं दिसतंय. बेरी लाल होत चाललीय. आत्याबाई, उतरवू?"

"थांब."

दोघींनी श्वास धरला. तडतड एकेक करून विझत होती, पाऊस थांबताना वळचणीचे थेंब पडतात तशी. एक. मग जरा वेळानं एक. मग नाही.

"आता," सासू म्हणाली, आणि त्याच वेळी सूनही म्हणाली, "आता."

कौसल्यानं पातेलं उतरवून जमिनीवरच्या चुंबळीवर ठेवलं. चुलीपासून चार हात लांब. मग ते जरा निवू दिलं. तूप सोन्यासारखं स्वच्छ होतं, तळाची बेरी दिसत होती. दुर्गाबाईनं डाव्या हातानं तांब्या पुढं केला. "बोटं बुडव, आन् लांबून शिंपड. चार थेंब. त्याहून जास्त न्हाई."

चर्र.

काल्याला मंडप गच्च भरला होता. साळूबाईनं रातोरात सगळी हकिगत गावभर पोचवली होती, आणि तिच्या सांगण्यात ज्वाळा आढ्याच्या वर गेली होती. तिनं आणखी एक सांगितलं होतं, ते मात्र शब्द न शब्द खरं: भाजलं तर पाणी, पेटलं तर झाकण. सकाळपासून तीन बायका येऊन कौसल्याला विचारून गेल्या, की झाकण केवढं असावं.

पंगतीआधी नैवेद्य झाला. पुरणावर धार पडली. अप्पारावांनी प्रसादाचा घास तोंडात घातला आणि सगळ्यांच्या देखत नुसते चघळत उभे राहिले. दुर्गाबाई पुढं बायकांत बसली होती. तिला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. तिला फक्त एवढं कळत होतं, की ते बोलत नाहीत.

"वहिनी," शेवटी ते म्हणाले, "तूप यंदा थोडं हाय. पानाला अर्धा चमचा येईल."

"खरंय."

"लोक कुरकुर करतील."

"करू द्या."

"अर्धाच का, म्हणून. गोडच इतकं झालंय." ते खाली बसले. "मान उठवायचं आपण बोललो होतो. करार म्हणजे करार. तवा तुमच्या नावचा मान उठला. आता सांगा, पुढच्या साली लोणी कुणाकडं धाडायचं?"

"मंठ्याच्या हाटेलवाल्याच्या पोरीकडं," दुर्गाबाई म्हणाली. "तिला परातीसकट मान द्या."

बायका हसल्या. मागं उभ्या असलेल्या कौसल्यानं तोंड पदरात लपवलं. साळूबाईनं तिला ओढून सासूशेजारी बसवलं. "बस हितं. सातव्या दिवशी तुला बसायला मिळायचं न्हाई आता."

"सातव्या दिवशी म्या बसणार," दुर्गाबाई म्हणाली. "पुढं. पार महाराजांच्या पायाशी. बत्तीस वर्षांची बाकी हाय माझी. आन् डोळे करून घेतले, तर महाराज दिसतात कसे ते बी पाहीन. नुसत्या आवाजावर लई देखणे वाटून राह्यलेत."

"आत्याबाई!"

"मंग? खोटं बोलू देवाच्या दारात?"

मृदंगावर थाप पडली. महाराजांनी हात उंचावले. "मायबाप, काला आला! टाळी वाजवा! देवाच्या दारात जो हात मोकळा ठेवील, त्याचा हात मोकळाच राहतो!" हजार हात एकदम उठले. दुर्गाबाईचाही डावा उठला, आणि हवेत तसाच थांबला. उजवा मांडीवर पट्टीत होता.

कौसल्यानं आपला उजवा तळवा तिच्या हातापुढं धरला. म्हातारीला तो दिसला नाही. बोटांनी चाचपून तिला सापडला. पहिली टाळी जरा चुकली, दुसरी मनगटावर बसली. तिसरीला दोघी ठेक्यात आल्या, आणि मग गजर थांबेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.